यंत्राचें मौन



बँकेच्या खिडकीशीं आपण उभे असतों आणि आंतील कारकून सांगतो, "सर्व्हर बंद आहे, दुपारीं या." आपण कुरकुरत परत फिरतों. त्याच वेळीं दूर कोठें तरी, एखाद्या थंडगार खोलींत किंवा स्वतःच्या घरींहि, एक माणूस काळ्या पडद्यासमोर बसलेला असतो. त्या पडद्यावर चित्रें नसतात, रंगीत बटणें नसतात. एक चिन्ह तेवढें लुकलुकत असतें, आणि त्याच्यापुढें तो माणूस आज्ञेची एक ओळ लिहितो. आपली दुपारची फेरी फुकट जाणार कीं नाहीं हें त्या ओळीवर अवलंबून असतें. क्वचित् प्रसंगीं हजारों लोकांच्या नोंदी राहणार कीं जाणार हेंहि तिच्यावरच अवलंबून असतें. या एका ओळीचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें.

संगणकावरील दप्तरें आणि संगणकांचें जाळें सांभाळणारे लोक नवशिक्याला कांहीं नियम सांगत असतात. पुसण्यापूर्वीं पाहून घे. आपण कोणत्या यंत्रावर आहोंत हें आधीं विचार. परतीची वाट मोकळी ठेवून मगच पाऊल टाक. जपून ठेवलेली नक्कल एकदां उघडून पाहा. ऐकावयास हे नियम आजीबाईच्या बटव्यांतल्यासारखे साधे वाटतात. परंतु ते कोणा आचार्यानें ग्रंथांत घालून दिलेले नाहींत. अनुभवानें आणि पुष्कळदां नुकसानीनें ते शिकविले आहेत. आणि त्यांची जरूरी ज्यामुळें पडली तें कारण बहुतांशीं एकच आहे: हें यंत्र सहसा बोलत नाहीं.

या मौनाचा उगम १९६९ सालापर्यंत मागें नेतां येतो. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत, केन थॉम्सन यांना फारसा कोणी वापरीत नसलेला एक लहान संगणक मिळाला. त्यावर त्यांनीं डेनिस रिची प्रभृति सहकाऱ्यांसह 'युनिक्स' नांवाची कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा घरकारभार पाहणारा कारभारी: कोणता कागद कोठें ठेवावयाचा, कोणाला आंत घ्यावयाचें, कोणतें काम आधीं करावयाचें, हें सर्व तो पाहतो. या कारभाऱ्याशीं बोलण्याचें साधन त्या वेळीं टेलिटाइप हें होतें. तारखात्यांत शोभावें असें तें टंकयंत्र. माणसानें कळा दाबून आज्ञा लिहावी, आणि संगणकाचें उत्तर त्याच कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापून यावें. त्याचा वेग दर सेकंदास १० अक्षरें. म्हणजे ८० अक्षरांची एक ओळ छापावयास ८ सेकंद लागत.

अशा यंत्रापुढें बसणारा माणूस मितभाषी न झाला तरच नवल. 'लिस्ट' म्हणजे यादी. तिचें 'एल-एस' झालें. 'कॉपी'चें 'सी-पी' झालें, 'मूव्ह'चें 'एम-व्ही' झालें, आणि 'रिमूव्ह', म्हणजे काढून टाक, याचें 'आर-एम' झालें. यंत्राकडूनहि तीच अपेक्षा राहिली: काम नीट पार पडलें तर कांहीं बोलूं नये, कांहीं चुकलें तरच बोलावें. टेलिटाइप गेलें, पडदे आले, वेग लक्षावधि पटींनीं वाढला. परंतु पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं तरी त्या दोन दोन अक्षरांच्या आज्ञा आणि तें मौन जसेंच्या तसें राहिलें आहे.

या मितभाषणाचा एक मोठा लाभ झाला. आज्ञा केवळ आपलें उत्तर देते, अवांतर बोलत नाहीं. तेव्हां एकीचें उत्तर सरळ दुसरीच्या हातीं देतां येतें. बागेंतील पाण्याच्या नळ्या जशा एकीला एक जोडाव्या तसे प्रोग्रॅम जोडतां यावेत, ही कल्पना त्याच प्रयोगशाळेंतील डग्लस मॅक्इलरॉय यांनीं १९६४ सालींच एका टिपणांत मांडली होती. १९७३ सालीं थॉम्सन यांनीं ती युनिक्समध्यें उतरविली. तिला 'पाइप' म्हणतात. 'ग्रेप' ही आज्ञाहि त्याच वर्षाची. हवा तो शब्द ज्या ओळींत असेल ती ओळ निवडून काढणारी ती एक चाळणी आहे.

या नळीचा आणि चाळणीचा उपयोग कसा होतो तें पाहा. प्रत्येक सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो. दाराशीं कोण आलें, कोणाला आंत घेतलें, कोणाला परत लावलें, याची तींत नोंद असते. एका दिवसाच्या लाखों ओळी होतात. कोणी चोर परवलीचा शब्द अंदाजानें सांगून पुनःपुन्हां दार ठोठावीत असेल, तर तें कसें ओळखावें? परत लावलेल्यांच्या ओळी चाळून काढ. त्यांतील पत्ता तेवढा ठेव. पत्ते अनुक्रमानें लाव. सारखे पत्ते मोज. मोठा आंकडा वर आण. अशा पांच आज्ञा एका ओळींत जोडल्या कीं क्षणांत उत्तर मिळतें. यांतील अनुक्रम लावण्याची पायरी मात्र वगळूं नये, कारण मोजणारी आज्ञा फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच एकत्र मोजते. आणि ती पायरी वगळली तरी यंत्र तक्रार करीत नाहीं, चुकीचा आंकडा मुकाट्यानें पुढें करतें. या पांचहि आज्ञा मूळ रोजनिशीस हात न लावतां केवळ ती वाचतात, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जाणते व्यवस्थापक निदान नेहमीं वाचणाऱ्या आज्ञांनीं करतात. लिहिणाऱ्या आणि पुसणाऱ्या आज्ञांकडे ते त्यानंतर वळतात.

पुसणाऱ्या आज्ञेंत तेंच मौन कसें घातक होतें तें 'आर-एम'च्या उदाहरणावरून दिसेल. ती आज्ञा एरवीं "खरोखरच पुसूं काय?" असें विचारीत नाहीं, आणि पुसलेलें एखाद्या टोपलींतहि ठेवीत नाहीं. युनिक्सच्या लिपींत तारकेचा अर्थ 'कांहींहि' असा होतो. 'जुनें' या शब्दापुढें लागूनच तारका लिहिली, तर 'जुनें'नें आरंभ होणारे कागद तेवढे पुसले जातील. पण शब्द आणि तारका यांच्यामध्यें चुकून एक कोरी जागा पडली, तर यंत्र दोन निराळ्या वस्तु समजतें: 'जुनें' नांवाचा एक कागद, आणि तेथील सगळे कागद. म्हणून नियम असा पडला कीं, पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं तेंच वर्णन यादीच्या आज्ञेस द्यावें, आलेली यादी डोळ्यांखालून घालावी, आणि मगच 'एल-एस'च्या जागीं 'आर-एम' लिहावें.

आतां जाळ्याकडे वळूं. येथें मौनाचा प्रश्न निराळा आहे. दूरच्या यंत्राकडून उत्तर येत नाहीं. तें यंत्र बंद आहे, कीं वाट तुटली आहे, कीं आपलीच तार निसटली आहे? १९८३ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या मेरिलँड राज्यांतील ॲबर्डीन येथें, सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेंत, माइक मूस यांच्यापुढें हाच प्रश्न उभा राहिला. त्यांचें जाळें विचित्र वागूं लागलें होतें. त्याच वर्षीं नॉर्वेमधील एका बैठकीच्या वेळीं डेव्हिड मिल्स यांनीं, प्रतिध्वनीचा संदेश पाठवून तो परत येण्यास लागणारा वेळ मोजण्याविषयीं जें सांगितलें होतें, तें मूस यांना आठवलें. त्यांनीं एका रात्रींत सुमारें १,००० ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याचें नांव 'पिंग' ठेवलें. तो चालूं लागला तेव्हां पहांट होत आली होती. आणि तोंपर्यंत एका सहकाऱ्यानें जाळ्याची दुरुस्ती आधींच हातीं घेतली होती! ज्या बिघाडासाठीं औषध तयार केलें तो बिघाड शोधण्याची संधि मूस यांना मिळालीच नाहीं. हें आपल्या आयुष्यांतील सर्वांत प्रसिद्ध काम ठरेल हें ठाऊक असतें, तर त्यावर आणखी एक-दोन दिवस खर्चिले असते, असें त्यांनीं पुढें विनोदानें लिहिलें आहे. २००० सालीं एका मोटार-अपघातांत त्यांचें निधन झालें.

पिंगची एक गोष्ट मूस स्वतः सांगत; आकाशवाणीच्या श्रोत्यांना ती विशेष रुचावी. एका व्यवस्थापकाच्या इमारतींत जाळ्याची तार कोठें तरी सैल झाली होती. जोड मधूनच लागे, मधूनच तुटे. त्यानें पिंगचें उत्तर नळीवाटे वाचा देणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोडलें, आणि खोलींतील ध्वनिक्षेपक मोठ्यानें लावला. यंत्र दर सेकंदास "पिंग, पिंग" असें ओरडूं लागलें. मग तो इमारतभर हिंडून एकेक जोड हालवूं लागला. ज्या जोडाला हात लावतांच आवाज थांबला, तेथेंच दोष सांपडला.

पिंग वापरण्याचाहि एक क्रम आहे. आधीं आपल्याच यंत्राला विचारावें. मग आपल्या जाळ्याच्या वेशीवरील यंत्राला. मग दूरच्या एखाद्या यंत्राला त्याच्या अंकी पत्त्यानें. आणि शेवटीं त्याच यंत्राला नांवानें. ज्या पायरीवर उत्तर थांबेल तेथें प्रथम शोध घ्यावा. अंकानें उत्तर येतें आणि नांवानें येत नाहीं, तर तारा ठीक आहेत. नांवावरून पत्ता सांगणारी व्यवस्था बिघडली आहे. मात्र उत्तर आलें नाहीं म्हणजे यंत्र मेलें, असें समजूं नये. पुष्कळ ठिकाणीं पहारेकऱ्यांना पिंगकडे दुर्लक्ष करण्यास मुद्दाम सांगितलेलें असतें. मौनाचा अर्थ लावण्यापूर्वीं दुसऱ्या मार्गानें खात्री करून घ्यावी लागते.

तो दुसरा मार्ग व्हॅन जेकबसन यांनीं दाखविला. १९८६ सालच्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि जवळचें बर्कले विद्यापीठ यांमधील दळणवळण एकाएकीं मंदावलें. अंतर अवघें ४०० यार्ड. परंतु सेकंदास ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर, म्हणजे ८०० पटींनीं खालीं आला. जाळ्यांत उसळलेल्या गर्दीचा हा परिणाम होता, आणि ती आंवरण्याच्या युक्त्या जेकबसन यांनींच शोधून काढल्या. वाटेवरचा प्रत्येक टप्पा दाखविणारी 'ट्रेसरूट' ही आज्ञाहि त्यांनींच लिहिली. जाळ्यांतील प्रत्येक संदेशावर, त्यानें फार तर किती टप्पे ओलांडावे, हा आंकडा असतो. दर टप्प्यास तो एकानें कमी होतो. शून्य झाला कीं तेथील यंत्र संदेश टाकून देतें आणि पाठविणाऱ्यास तसें कळवितें. जेकबसन यांनीं आंकडा मुद्दाम १ घातला, मग २, मग ३. आणि कळविणाऱ्यांच्या पत्त्यांवरून सगळी वाट उमगली. संदेश मरतांना जें बोलतो त्याचा असा उपयोग त्यांनीं करून घेतला.

या इतिहासांत आपल्या मुंबईचाहि अल्पसा भाग आहे. १९८६ सालीं सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पांत मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. या दोन्ही संस्था होत्या. पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां विद्यार्थ्यांना परवडणारें जें स्वस्त खातें होतें, त्यांत चित्रें दिसतच नसत. टेलिफोनवरून जोड लागला कीं युनिक्सचें तें लुकलुकणारें चिन्ह समोर येई, आणि पत्र वाचण्यासाठींसुद्धां आज्ञाच लिहावी लागे. आज चाळीशी-पन्नाशींत असलेल्या कित्येकांची आज्ञेच्या ओळीशीं पहिली ओळख अशी झाली.

दूरच्या यंत्रांत शिरून काम करण्याची सोय याहून जुनी आहे. पूर्वीं त्या वाटेवर परवलीचा शब्द उघडा जात असे, आणि मध्यें कान लावून बसलेल्यास तो ऐकूं येई. हेलसिंकीच्या तंत्र-विद्यापीठांत असा चोरीचा प्रकार घडल्यावर तातू इल्योनेन यांनीं १९९५ सालीं 'एस-एस-एच' ही गुप्त भाषेची वाट तयार केली. तिनें चोराचें भय पुष्कळ कमी केलें, पण दुसरें एक भय तसेंच राहिलें. व्यवस्थापकाच्या पडद्यावर तीन खिडक्या उघड्या असतात. तीन खिडक्या म्हणजे तीन निरनिराळ्या गांवचीं यंत्रें, आणि तिन्ही खिडक्या दिसावयास सारख्या. म्हणून चिन्हाच्या आधीं यंत्राचें नांव ठळक दिसेल अशी योजना करावी, मुख्य यंत्राचा रंगच वेगळा ठेवावा, आणि तरीहि मोठें काम करण्यापूर्वीं "तूं कोण?" असें यंत्रास एकदां विचारावें.

आतां दप्तराची गोष्ट. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं, कोणतीहि माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें ठेवतां येते, हा सिद्धांत मांडला. त्यावर आधारलेली प्रश्न विचारण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तीच पुढें 'एस-क्यू-एल' या नांवानें जगभर पसरली. "अमुक कोष्टकांत अमुक रकाना बदल, जेथें अमुक अट असेल तेथें," अशी तिची वाक्यरचना असते. धोका त्या 'जेथें'मध्यें आहे. घाईंत 'जेथें'चें उपवाक्य राहिलें तर यंत्र वाक्य चुकलें म्हणत नाहीं. तें प्रत्येक ओळ बदलतें. एका गिऱ्हाइकाचा पत्ता बदलावयास बसलेल्यानें सर्व गिऱ्हाइकांना एकाच घरीं नेऊन ठेवावें, असा तो प्रकार.

यावर उतारा सांपडला तो 'ट्रॅन्झॅक्शन', म्हणजे अखंड व्यवहार, या कल्पनेंत. हिचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे हे अग्रणी होते. एका खात्यांतून ५०० रुपये वजा करून दुसऱ्यांत जमा करावयाचे असतील, तर दोन्ही गोष्टी व्हाव्या किंवा एकहि होऊं नये; मधल्या मध्यें वीज गेली तरी पैसे अधांतरीं राहूं नयेत. ही सोय यंत्राच्या बिघाडासाठीं झाली. पण माणसाच्या चुकीवरहि ती गुणकारी ठरली. जाणता मनुष्य आधीं तीच अट घालून ओळी नुसत्या मोजून पाहतो. मग 'आरंभ' अशी आज्ञा देतो, बदल करतो, आणि किती ओळी बदलल्या तो आंकडा आधींच्या आंकड्याशीं ताडून पाहतो. जुळला तर 'कायम कर' म्हणतो. न जुळला तर 'मागें फीर' म्हणतो, आणि सर्व पूर्ववत् होतें. 'आरंभ' म्हणावयास विसरलें तर पुष्कळ ठिकाणीं बदल तत्क्षणीं कायम होतो. आणि 'आरंभ' म्हणून चहाला निघून गेलें तर त्या ओळींसाठीं इतरांना खोळंबावें लागतें. ग्रे यांना १९९८ सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. २००७ सालच्या जानेवारींत सॅन फ्रॅन्सिस्कोहून ते एकटेच शिडाच्या नौकेंतून समुद्रांत गेले, ते परतलेच नाहींत. व्यवहार मागें फिरविण्याची विद्या जगाला देणाऱ्या या पुरुषाचा पत्ता पुष्कळ शोध करूनहि लागला नाहीं.

परंतु 'मागें फीर' ही आज्ञा दप्तराच्या आंत चालते. दप्तर ज्या कपाटांत ठेवलेलें असतें, तें कपाटच कोणी खालून रिकामें केलें तर तिचा उपयोग नाहीं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं हेंच घडलें. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचें काम सांभाळून ठेवते. तिच्या दप्तराचें एक मुख्य यंत्र होतें, आणि मुख्याची सतत नक्कल करणारें दुसरें दुय्यम यंत्र होतें. त्या रात्रीं दुय्यम यंत्र मागें पडलें. तें नव्यानें भरण्यासाठीं त्यांतील जुना सांठा पुसणें अवश्य होतें. दिवसभर काम करून थकलेल्या एका अभियंत्यानें पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानीं आलें कीं आपण मुख्य यंत्रावर आहोंत. त्यानें आज्ञा थांबविली. पण सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं ४.५ गिगाबाइट तेवढे उरले होते.

खरा धक्का यापुढें बसला. दप्तराची नक्कल रोज दुसरीकडे जाऊन पडत असावयाची. ती जागा उघडून पाहतात तों रिकामी! नक्कल करणारा प्रोग्रॅम दप्तराच्या मानानें जुन्या आवृत्तीचा होता. तो दर वेळीं काम न करतांच थांबत होता. थांबल्याची सूचना तो पत्रानें पाठवीत होता. परंतु त्या पत्रांवर आवश्यक ती खूण नसल्यामुळें पत्रव्यवस्था तीं परत लावीत होती. म्हणजे यंत्र बोललें होतें, पण तें कोणाच्या कानीं पडलें नव्हतें. तक्रार नाहीं त्या अर्थीं सर्व ठीक आहे, असें सर्वांनीं धरून चाललें होतें. सुदैवानें त्याच अभियंत्यानें सुमारें ६ तासांपूर्वीं दुसऱ्याच एका कामासाठीं सबंध दप्तराचें एक छायारूप घेऊन ठेवलें होतें. त्यावरून दप्तर पुन्हां उभें राहिलें. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. सुमारें ५,००० प्रकल्पांची माहिती, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं हें त्या रात्रीचें मोल.

कंपनीनें एक गोष्ट वाखाणण्यासारखी केली. दुरुस्तीचें काम तिनें सर्व जगासमोर उघडपणें चालविलें, आणि काय काय चुकलें याचा सविस्तर वृत्तांत छापला. सर्व दोष तिनें त्या अभियंत्याच्या माथीं मारला नाहीं. एका थकलेल्या हातानें सर्वस्व जावें अशी व्यवस्थाच मुळांत असूं नये, हें तिनें ओळखलें. त्या वृत्तांताच्या वाचनानें किती दप्तरें वांचलीं असतील याची गणती कोणी केलेली नाहीं. पण तो वाचून कित्येक व्यवस्थापकांनीं त्याच दिवशीं आपापल्या नकला उघडून पाहिल्या असतील, यांत मला शंका वाटत नाहीं.

अलीकडे साध्या भाषेंत इच्छा सांगितली असतां आज्ञेची ओळ रचून देणारीं यंत्रेंहि आलीं आहेत. ओळ रचण्याचे श्रम त्यामुळें वांचतात. परंतु ती ज्या दप्तरावर चालावयाची त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बदलत नाहीं. ओळ कोणीहि रचलेली असो, पुसण्यापूर्वींची यादी माणसानेंच वाचावयाची आहे.

घरोघरीं आपणहि आतां लहानशीं दप्तरें सांभाळतों: मुलांचीं छायाचित्रें, वडिलांचीं कागदपत्रें, घरचा हिशेब. त्यांची नक्कल कोठें तरी आपोआप होत आहे, अशा समजुतीनें आपण निश्चिंत असतों. हें भाषण संपल्यावर त्या नकलेंतील एक छायाचित्र परत मिळवून उघडून पाहावें, एवढीच श्रोत्यांना विनंति. तें उघडलें तर झोप चांगली लागेल. न उघडलें तर, अजून वेळ आहे तोंच, तें कळलेलें बरें.